मोटारीतील मुका प्रवासी

मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की घोडबंदर रोडवरील सोसायट्यांतून पहाटेच मोटारी बाहेर पडू लागतात. कोणी शंखेश्वरला निघते, कोणी पालिताण्याला, कोणी सुरतेला नातलगांकडे. पूर्वी या मोटारीत नाश्त्याचे डबे आणि पूजेची पेटी असे. आता पुष्कळ घरांत मागच्या आसनावर एक चार पायांचा प्रवासीही असतो. श्रावकाने कुत्रा पाळावा की नाही, त्याला काय खाऊ घालावे, याविषयी समाजात मतभेद आहेत. तो प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. घरात आलेला जीव आपल्या इच्छेने लांबच्या प्रवासाला निघत नाही, त्याला नेले जाते. म्हणून वाटेतील त्याच्या सुखदुःखाचे दायित्व नेणाऱ्याचे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

हे दायित्व समाजाला नवे नाही. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारच्या हुकमाने भटकी कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी बांधव प्रथम विरोधात उभे राहिले आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीवर लागा बसवून तिचा खर्च उचलला. परक्या, बेवारस कुत्र्यांसाठी ज्यांनी गाठीचे पैसे सोडले, त्यांच्या वारसांनी स्वतःच्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करावे, हे शोभणारे नाही.

श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. जीवाला बांधणे, मारणे, त्याच्या अंगास इजा करणे, त्याच्यावर शक्तीबाहेर भार लादणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे, असे ते पाच. गाडीला बैल जुंपण्याच्या काळातील ही यादी आजच्या मोटारीतही तितकीच उपयोगी आहे.

पहिला प्रश्न बांधण्याचा. मोकळा सोडलेला कुत्रा करकचून ब्रेक लागताच पुढे फेकला जातो किंवा चालकाच्या पायांत शिरतो. गळपट्ट्याला आखूड साखळी अडकवली, तर त्याच झटक्याने गळ्याला फास बसतो. श्रावकाचाराच्या जुन्या विवेचनांत निर्दयपणे आवळून बांधणे आणि संकटसमयी चटकन सोडता येईल असे सैल, सकारण बांधणे यांत भेद केला आहे. तोच विवेक येथे लागू पडतो. छातीभोवती बसणारा हार्नेस मागच्या आसनाच्या सीटबेल्टला जोडावा, किंवा आत उभे राहून वळता येईल एवढा पिंजरा घट्ट बसवावा. एअरबॅगमुळे पुढचे आसन धोक्याचे. खिडकीतून डोके बाहेर काढू देणे प्रेमाचे वाटले, तरी धूळ आणि खडे थेट डोळ्यांत जातात. बॅगांच्या ढिगाऱ्यात उरलेल्या फटीत त्याला कोंबणे हाही भार लादण्याचाच प्रकार मानावा.

दुसरा प्रश्न अन्नपाण्याचा. निघण्यापूर्वी तीन-चार तास आधी हलके जेवण द्यावे. भरल्या पोटी वळणांवर उलटी होते. पाणी मात्र प्रत्येक थांब्यावर, थोडे थोडे, द्यावेच. घरातील मंडळी चौविहार करतात म्हणून सूर्यास्तानंतर कुत्र्याचेही भांडे उचलले जाते, असे काही घरांत घडते. पच्चक्खाण हे समजून, स्वेच्छेने घ्यावयाचे असते. मुक्या जीवावर लादले, तर तो त्याचा त्याग ठरत नाही, आपला अतिचार ठरतो. प्रवासाच्या डब्याविषयीही सावध असावे. मनुका, बेदाणे व द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. चॉकलेट त्याला विषासमान. मधुमेही मंडळींच्या खिशातील शुगरफ्री गोळ्यांत झायलिटॉल असेल, तर थोड्या मात्रेनेही त्याची रक्तशर्करा एकाएकी उतरते. लहान मुले लाडाने आपल्या हातातील घास पुढे करतात. त्यांना हे आधीच समजावून सांगावे.

पुष्कळ कुत्र्यांना, विशेषतः पिल्लांना, मोटार लागते. वारंवार जांभया, ओठ चाटणे, लाळ गळणे ही उलटीपूर्वीची लक्षणे. यावर उपाय सवयीचा आहे. आधी काही दिवस बंद मोटारीत नुसते शेजारी बसवावे, मग उपवन तलावापर्यंतची फेरी मारावी, त्यानंतरच लांबचा पल्ला धरावा. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. औषध व मात्रा पशुवैद्याने ठरवावी. त्याच भेटीत रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र घ्यावे आणि गळपट्ट्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक लावावा.

घोडबंदर रोडवरील रहिवाशाला आणखी एक हिशेब करावा लागतो. कापूरबावडीपासून अहमदाबाद महामार्गापर्यंतचे अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. परंतु मेट्रोचे काम, गायमुखचा चढ आणि गुजरातेकडे जाणारी अवजड वाहने यांमुळे एवढ्याच अंतराला कधी दोन तास लागतात. म्हणजे प्रवास खऱ्या अर्थाने सुरू होण्यापूर्वीच कुत्रा थकलेला असतो. पहाटे निघणे हा उत्तम मार्ग. कोंडीत सापडल्यास वातानुकूलनाची हवा मागपर्यंत पोहोचते का, हे हात लावून पाहावे आणि उन्हाच्या बाजूच्या काचेला पडदा लावावा. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. पग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट साधत नाही. दर दोन-तीन तासांनी थांबावे, आणि दार उघडण्यापूर्वी दोर हातात घ्यावा; महामार्गावर बिथरून पळालेला कुत्रा सहसा हाती लागत नाही.

तथापि सर्वांत मोठा धोका मोटार चालू असताना नसून ती उभी केल्यावर असतो. तीर्थात पोहोचल्यावर देरासरात वा भोजनशाळेत कुत्र्याला नेता येत नाही, हे योग्यच. मग काच दोन बोटे खाली ठेवून त्याला मोटारीतच सोडले जाते आणि ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून गेलेली मंडळी पूजा आटोपून तासाभराने परततात. बाहेर ३० अंश तापमान असता उन्हातील बंद मोटार दहा मिनिटांत सुमारे ४० अंशांवर जाते, अर्ध्या तासात पन्नाशीच्या जवळ पोहोचते. काच थोडी उघडी ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. आत प्रभूची अंगरचना डोळे भरून पाहावी आणि बाहेर आपल्याच कुलुपामागे एका पंचेंद्रिय जीवाने तडफडावे, यापेक्षा मोठी विसंगती ती कोणती!

अशा वेळी कुत्रा जोरजोराने धापा टाकू लागला, लाळ घट्ट झाली, पाय लटपटू लागले, तर तो उष्माघात समजावा. ताबडतोब सावलीत आणून अंगावर साधे थंड पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्धीवर असल्यास थोडे पाणी पाजावे आणि त्याच अवस्थेत पशुवैद्याकडे धाव घ्यावी. वरवर बरा दिसला तरी तपासणी टाळू नये.

प्राण्याला यातना होतील अशा रीतीने वाहून नेणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठरवला तो १० ते ५० रुपयांचा. व्यापारी मनुष्य एवढी रक्कम खर्चातही धरणार नाही. श्रावकाचा हिशेब मात्र निराळ्या वहीत लिहिला जातो.

म्हणून घरूनच पाळ्या ठरवून निघावे. दोघांनी दर्शनाला जावे, एकाने कुत्र्याजवळ सावलीत थांबावे, मग अदलाबदल करावी. तेवढा वेळ मोटारीपाशी बसून नवकार गणता येतो. ज्या यात्रेत अशी पाळी लावणे शक्य नसेल, त्या यात्रेला त्याला नेऊ नये. ओळखीच्या, प्रेमळ माणसाच्या स्वाधीन करून घरीच ठेवावे. तीही जयणाच होय.