दहावी गोटी

माणूस ऐंशीच्या उंबरठ्यावर आला की डॉक्टर मंडळी त्याच्या अंगाची झडती घेऊ लागतात. मध्यंतरी एका तरुण डॉक्टरांनी माझी अशीच झडती घेतली.

"आजोबा, ही भुवईवरची खूण कसली?"

"हौदाची."

"आणि गुडघ्यावरची?"

"ती पेरूच्या झाडाची."

"अंगठ्याचं नख असं वाकडं का?"

"लवंगी फटाका!"

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे लहानपणी तुम्ही फार पडत होता तर!"

"पडत नव्हतो हो," मी म्हटले, "हरत होतो."

बिचाऱ्यांना काही उलगडा झाला नाही. त्यांच्या कागदावर त्यासाठी रकानाही नसावा. पण वाचकहो, तुमची गोष्ट वेगळी. दिवाळीचे दिवस आहेत, पुढ्यात चकलीची बशी आहे, आणि पाडव्याला आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. तेव्हा जुगाराच्या गोष्टी सांगायला आणि ऐकायला याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही.

आमचे बालपण वाईचे. कृष्णाकाठ, ढोल्या गणपती, आणि घाटावर दिवसभर उंडारणारी आम्ही पोरे. पैसा कोणाजवळच नसे, म्हणून आमचे चलन चिंचोक्यांचे आणि त्यावरचे मोठे नाणे म्हणजे काचेची गोटी. "लाव पैज" हे दोन शब्द कानावर पडले की माझ्या अंगात काहीतरी संचारायचे. वाड्यातल्या हौदाच्या कठड्यावरून डोळे मिटून चालून दाखवायचे, पाच चिंचोके. पेरूची टोकाची फांदी माझा भार पेलते की नाही, आठ चिंचोके. लवंगीची वात पेटल्यावर ती हातात किती वेळ धरायची, तर पंधरा अंकांपर्यंत. मी सात मोजले.

एकदा चिंचोका नाकात जाईल की नाही, यावर पैज लागली. तो गेला. पैज मी जिंकलो; परंतु तो बाहेर येण्याविषयी आधी काहीच ठरलेले नव्हते. घरात रडारड झाली. शेवटी आजीने आपली तपकिरीची डबी काढली आणि दुसऱ्या नाकपुडीला एक चिमूट लावली. मग जी शिंक आली, तिच्यासरशी चिंचोका माजघर ओलांडून थेट देव्हाऱ्यापाशी! आजीने तो उचलला, धुतला आणि मला परत दिला. म्हणाली, "घे तुझी कमाई."

ही झाली हसण्यावारी नेण्याजोगी नुकसाने. त्यांची किंमत माझी मीच मोजली. एका पैजेची मात्र दुसऱ्याने मोजली, आणि तीच आज सांगायची आहे.

१९५६ सालचा वैशाख. मी दहा वर्षांचा, धाकटा भाऊ सातांचा. माझ्याजवळ डबाभर गोट्या होत्या आणि त्याच्याजवळ एकही नव्हती. मी घाटाच्या उंच पायरीवर उभा राहून म्हटले, "इथून पाण्यात उडी मारलीस तर दहा गोट्या देईन." पावसाळ्यात तिथून थोरली मुले सुळक्या मारीत. पण वैशाखात कृष्णा केवढीशी राहते हे त्याला कळण्याचे वय नव्हते, आणि मला कळत असूनही पैजेच्या भरात ते आठवले नाही. त्याने एकवार माझ्याकडे पाहिले आणि उडी मारली.

पाणी गुडघाभर होते. खालच्या दगडावर त्याचे उजवे कोपर आपटले.

हाडवैद्याने कामट्या बांधल्या, लेप दिला, जे करता येण्याजोगे होते ते सारे केले. हाड सांधले, पण हात कोपरातून पुरता सरळ कधीच झाला नाही. त्या रात्री वडिलांनी विचारले, "काय झालं?" मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या तोंडून शब्द फुटण्यापूर्वी अंथरुणातून तोच म्हणाला, "माझा पाय घसरला."

महिन्याभराने कामट्या सुटल्यावर त्याने हळूच माझ्याजवळ गोट्या मागितल्या. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "पैज पाण्यात उडी मारायची होती. तू दगडावर पडलास." असा मी कायदेपंडित! गोट्या दिल्या नाहीत. खरी गोष्ट घरात सांगितली नाही. आई गेली ती पाय घसरल्याचे सांगणे खरे मानूनच गेली.

पुढे तो गावातच गणिताचा मास्तर झाला आणि मी कारकुनीसाठी मुंबईस आलो. सकाळ-संध्याकाळ कल्याण लोकलचा प्रवास. चौघांच्या मांड्यांवर एक ब्रीफकेस आडवी पडायची आणि तिच्यावर रमीची पाने पडायची. पॉइंटला पैसा. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले. न्यायालयाचा मी आदर करतो. परंतु त्या न्यायमूर्तींनी मला खेळताना पाहिले नव्हते.

रमीत महिन्याला पाच-सात रुपये जात. तेवढ्यावर भागले असते. पण नाक्यावरच्या टपरीत आकडा घेत असत, आणि त्या काळी मुंबईत आकडा लावत नाही असा मनुष्य शोधून काढावा लागे. हा खेळ मूळचा कापसाचा. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातले उघडते नि बंद होते भाव तारेने मुंबईला येत, आणि त्यांवर इकडे पैसे लागत. १९६१ साली ते बंद झाले. पण खेळणारे थोडेच बंद होतात! १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीला आपला मटका सुरू केला, १९६४ साली रतन खत्री यांनी दुसरा काढला. चिठ्ठ्या घातलेल्या मडक्यावरून नाव पडले. पुढे मडके गेले आणि पत्ते आले. तीन पाने काढायची, बेरीज करायची, शेवटचा अंक तो आपला आकडा. पाच, तीन आणि सहा आले तर चौदा, म्हणजे चौका. संध्याकाळी ओपन, रात्री क्लोज. मधल्या वेळात गिरणीतला साचेवाला आणि कचेरीतला हेडक्लार्क एकाच स्वप्नाचे भागीदार.

मला आकडे कुठेही दिसू लागले. बसच्या तिकिटावर, दुधाच्या बिलावर. सौ. म्हणे, "अहो, तुम्ही हल्ली कॅलेंडरकडे इतकं टक लावून काय बघता?" मी म्हणे, "एकादशी कधी आहे ते पाहतो." बिचारीला मी धार्मिक झालो असे वाटले.

१९७३ साली आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन पुण्यास करायचे ठरले. त्यासाठी मी साडेतीनशे रुपये जमवून ट्रंकेत ठेवले होते. दिवाळीनंतरची तारीख मिळाली होती. दिवाळीच्या आधी तीन आठवडे मी त्यातले दहा रुपये काढले, दुप्पट करून परत ठेवण्यासाठी. ते गेले. ते भरून काढायला वीस काढले. पुढचे तुम्हांला सांगायला नको. हरणारा मनुष्य लोभाने खेळतो असे लोक म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. मी लाजेने खेळलो. ट्रंकेतली ती पोकळी कुणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वी भरून निघावी, एवढ्याचसाठी मी ती मोठी करीत गेलो. धनत्रयोदशीच्या रात्री ट्रंकेत अकरा रुपये उरले.

मी भावाला पत्र लिहिले. त्यात पहिल्यांदा सबब लिहिली, ती फाडली, आणि दुसऱ्या कागदावर खरे तेवढे लिहिले. भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी तो दारात उभा. शाळेच्या पतपेढीतून कर्ज काढून पैसे आणले होते. सौ.ने विचारले, "भाऊजी, असे अचानक?" तो म्हणाला, "काही नाही वहिनी, दादाचा जरा पाय घसरला म्हणून पत्र आलं." त्या माउलीने पुढले दोन दिवस माझा घोटा शेकला. मीही निमूटपणे शेकू दिला.

रात्री निजानीज झाल्यावर त्याने पिशवीतून चिंचोक्यांची पुरचुंडी काढली. म्हणाला, "दादा, आकड्याला तुमच्याकडे भाव काय?"

"रुपयाला नऊ. मूळ रुपयासकट."

"आणि आकडे किती?"

"शून्य ते नऊ. दहा."

त्याने खडूने जमिनीवर दहा घरे आखली आणि निम्मे चिंचोके माझ्यापुढे सारले. "सगळ्या घरांवर एकेक लाव. म्हणजे तू चुकायचाच नाहीस." मी दहा लावले. त्याने पान ओढले, चौका आला. त्याने दहा उचलले आणि नऊ माझ्या हाती दिले. पुन्हा दहा, पुन्हा नऊ. असे आम्ही तीस डाव खेळलो. एकाही डावात माझा आकडा चुकला नाही, आणि तीस चिंचोके त्याच्या बाजूला गेले.

"नशिबाला बोल लावू नकोस," तो म्हणाला. "तुझं नशीब चांगलं असो की वाईट, दहातला एक त्याचा. तो खेळतच नाही. तो फक्त मोजतो."

मला वाटले होते, तो आईचे नाव काढील, मला शब्द लावील. लावला असता तर बरे वाटले असते. त्याने चिंचोके पुरचुंडीत बांधले आणि कूस बदलून निजला. झोपेतही तो उजवा हात तसाच, कोपरात वाकलेला. आईचे ऑपरेशन झाले. तिला स्वच्छ दिसू लागले. मी साडेतीनशे रुपये सव्वा वर्षात फेडले. आकडा पुन्हा लावला नाही.

म्हणून जुगार मी सोडला असे मात्र समजू नका. दर पाडव्याला आम्ही दोघे वाईच्या वाड्यात बसतो आणि चिंचोक्यांवर तीन पत्ती खेळतो. यात आम्हांला मोठ्यांचा आधार आहे. शंकर-पार्वती सारीपाट खेळले ते वेरूळच्या लेण्यांत कोरलेले आहे, आणि पाडव्याच्या कथेत तर पार्वतीच जिंकते. दुसरी बाजूही तितकीच जुनी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या चौतिसाव्या सूक्तात एक जुगारी आपले रडगाणे गातो. बेहड्याच्या फळांचे फासे, आणि घरी दुरावलेली बायको. ते वाचताना मला आपल्या नाक्यावरची टपरी दिसते.

गेल्या पाडव्याला माझा नातू आला होता. पोरगा गप्प गप्प. खोदून विचारले तेव्हा कळले, मोबाइलवरच्या रमीत वसतिगृहाच्या फीचे अठरा हजार घालवून बसला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या त्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. पण गेलेले पैसे कायद्याने परत येत नाहीत. "आजोबा, मी जिंकतही होतो," तो म्हणाला. मी पुरचुंडी आणली. तुझ्या खेळात प्रत्येक डावाला खेळवणारा आपला वाटा काढून घेत होता की नाही, हे विचारले. तो म्हणाला, होय. मग मी खडू घेतला आणि दहा घरे आखली.

पण नुसते गणित सांगून त्याची मान वर होईना. माझ्या लक्षात आले, याला हिशेब नको आहे, याला सोबती हवा आहे. म्हणून मी ट्रंकेची गोष्ट सांगितली. सौ. ऐकत होती, घोट्याचे रहस्य तिला बावन्न वर्षांनी कळले. आणि एकदा तोंड उघडलेच आहे, तर म्हणून घाटाचीही सांगितली. त्या पायरीवर मी काय म्हणालो, पाणी किती होते, रात्री खोटे कोण बोलले, सगळे. खोलीत कोणी बोलेना. नातवाने मान वर करून धाकट्या आजोबांच्या हाताकडे पाहिले.

बंधू शांतपणे पाने पिसत होते. म्हणाले, "म्हणजे दादा, उडी मारली हे तुला मान्य?"

"मान्य."

"मग माझ्या दहा गोट्या?"

त्याची सात वर्षांची नात वाण्याकडे पिटाळली. ती धावत गेली, धावत आली आणि गोट्या आजोबांच्या ओंजळीत ओतल्या. वाकड्या हाताने एकेक गोटी सतरंजीवर मांडीत त्याने मोजल्या.

"नऊच आहेत."

नातीची एक मूठ घट्ट मिटलेली होती. तिने ती पाठीमागे नेली.

"दहातली एक गेलीच!" बंधू खदखदून हसले. मी म्हटले, "राहू दे तिच्याजवळ. तुझी दहावी मी पुढच्या पाडव्याला देतो."

त्याने माझ्याकडे पाहिले, एकोणसत्तर वर्षांपूर्वी उडी मारण्याआधी पाहिले होते तसेच.

"दादा," तो म्हणाला, "लाव पैज."