वारावरचे जेवण



'वारावर जेवणे' म्हणजे काय, हे इथे वाढलेल्या मुलांना समजावताना आमची दमछाक होते. गरीब विद्यार्थी पुण्याला शिकायला यायचा, सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या. सात घरे मिळून एक मूल शिकायचे आणि भार कोणा एकावर पडायचा नाही. तीच पद्धत आम्ही सध्या सिडनीत, आमच्याच रस्त्यावर पाहतो आहोत. फरक एवढाच, की इथे डबा चालून घरी येतो.

समोरच्या बाई फॉस्टर मुले सांभाळतात. नवे मूल आले की पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी त्यांच्या दारात वेगळी गाडी थांबते. कोणी लझान्याचा ट्रे देते, कोणी गवत कापून जाते, कोणी बाईंच्या स्वतःच्या मुलाला पोहण्याच्या क्लासला नेते. सगळी त्यांच्या चर्चमधली माणसे. दारातच देतात, चहाला थांबत नाहीत. आत कोण आले, कुठून आले, हे कोणी विचारत नाही. (आपल्या मंडळींना हेच सर्वांत जड जाईल, असे आमच्या सौ.चे मत.)

फॉस्टर म्हणजे दत्तक नव्हे. आईवडिलांजवळ मूल सुरक्षित नसले की सरकारी खाते त्याला दुसऱ्या घरी ठेवते, कधी दोन रात्री, कधी कित्येक वर्षे. जमले तर मूल परत आपल्या घरी जावे, हा हेतू. २०२३ च्या जूनअखेर ऑस्ट्रेलियात घराबाहेर अशी सुमारे ४५ हजार मुले होती. त्यातली निम्म्याहून अधिक नातेवाइकांकडे, म्हणजे आपल्या भाषेत मावशी-आजीकडे. दत्तकाचा आकडा मात्र आता वर्षाला जेमतेम दोनशेच्या आसपास आहे. १९७१-७२ साली तो दहा हजारांच्या जवळ होता.

तो दहा हजारांचा काळ काही सोन्याचा नव्हता. लग्न न झालेल्या कितीतरी मुलींवर दडपण आणून त्यांची बाळे काढून घेतली गेली, आणि त्यात चर्चने चालवलेल्या वसतिगृहांचाही हात होता. २१ मार्च २०१३ रोजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी देशाच्या वतीने त्याबद्दल माफी मागितली. आदिवासी मुलांना घरातून उचलून नेल्याबद्दलची केव्हिन रड यांची माफी त्याआधीची, फेब्रुवारी २००८ ची. तेव्हा 'चर्चवाले किती चांगले' असा भाबडा सूर आम्हाला लावायचा नाही. पण लझान्या घेऊन येणारा माणूस मूल न्यायला आलेला नसतो, ज्यांनी ते सांभाळायला घेतले त्यांना टिकवायला आलेला असतो. हा फरक मोठा आहे.

कारण टिकणे हीच खरी अडचण. रात्री फोन येतो, तासाभरात मूल दारात, कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत. मग शाळा, डॉक्टर, खात्याच्या भेटी, आईवडिलांच्या भेटी. घरातली आपली मुले बाजूला पडतात. या ओढाताणीत बरीच घरे हे काम सोडतात, आणि नवी घरे सहज मिळत नाहीत.

आता आपल्याकडे वळू. उद्या आपल्यासारख्याच घरातले एखादे मूल अशा परक्या घरी गेले, तर त्याला वरणभात कोण देणार? आपण प्रत्येकाने फॉस्टर पालक व्हावे असे आम्ही म्हणत नाही. पण गणपतीच्या प्रसादाचे रोस्टर जे मंडळ बिनतक्रार चालवते (बरे, जवळजवळ बिनतक्रार), त्याला महिन्याला चार डबे जड नाहीत. समितीच्या पुढच्या बैठकीत आम्ही हे मांडणार आहोत. कोणाच्या घरी डबा हवा, ते फॉस्टरची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेला विचारूनच ठरवावे. बार्नार्डोज, अँग्लिकेअर, युनायटिंग अशा संस्था आहेत.

मुले सांभाळायला मदत करायची तर 'वर्किंग विथ चिल्ड्रन चेक' आधी काढून ठेवा. न्यू साउथ वेल्समध्ये स्वयंसेवकांना त्याचे पैसे पडत नाहीत. नुसता डबा पोचवणाऱ्याने निदान वेळ पाळावी, आपली नेहमीची वेळ नव्हे, खरी वेळ. असे मूल आपल्या कार्यक्रमाला आले तर त्याचा फोटो काढून फेसबुकवर टाकू नये, त्याची ओळख उघड करणे कायद्याला धरून नाही. आपल्यातही दत्तक मुले असलेली घरे आहेत. मुलासमोर 'खरी आई कोण' असे विचारणाऱ्यांना आम्ही यापुढे तिथेच थांबवणार आहोत.

डब्याचे म्हणाल तर तिखट बेताचे, ट्रे परत न मागण्याजोगा, आणि वर चिठ्ठीत काय काय घातले आहे ते सगळे लिहिलेले. शेंगदाण्याचे कूट कशातच नको. आम्हाला ठाऊक आहे, मग उरते काय, असे तुम्ही म्हणाल. मुगाची खिचडी उरते, बटाट्याची भाजी उरते, गोडाचा शिरा उरतो. साबुदाणा खिचडी मात्र आपापल्या घरीच खावी.