पाया हलवायचा नसतो म्हणे!

बास म्हणजे संगीताचा पाया, आणि पाया हलवायचा नसतो, असे आम्हांस वारंवार ऐकवले जाते. उपमा देखणी आहे. पण बासची तार म्हणजे दगड नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्वर घसरवायचाच तर फ्रेटलेस घ्या, बोटे आहेतच की! मान्य. पण मोकळ्या तारेवरचे हार्मोनिक बोटाने कसे घसरवणार? जॅको पास्टोरियस यांनी 1976 मध्ये ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ जवळजवळ हार्मोनिकांवरच उभी केली, तेव्हापासून ते बासचे हक्काचे स्वर आहेत. डोके असलेल्या बासवर नटपलीकडची तार दाबून ते निदान वर चढवता येतात. नेड स्टाइनबर्गर यांनी 1980 च्या सुमारास बासचे डोकेच काढले, खुंट्या घोडीमागे नेल्या. वाद्याचा तोल सुधारला, पण तारेचा तो तुकडा गेला. त्याची भरपाई ट्रेमोलोच करू शकतो. (हे नावही चुकीचेच. स्वराची उंची हलते तो व्हिब्राटो. पण फेंडर कंपनीने 1954 साली स्ट्रॅटोकास्टरवर दिलेले नाव तोंडी बसले ते बसलेच.)

आमचे खरे भांडण आहे ते घडवणाऱ्यांशी. गिटारची घोडी रुंद करायची, जाड स्प्रिंगा लावायच्या, झाला बासचा ट्रेमोलो! बासच्या चार तारांचा एकूण ताण 75-80 किलो, गिटारच्या सहा तारांचा 45 च्या आसपास. तेव्हा स्प्रिंगा जाड हव्यात हे खरेच. पण मूळ दुखणे वेगळे आहे. अर्धा स्वर उतरायला तारेचा ताण सुमारे 11 टक्के घटावा लागतो. त्यासाठी तार किती सैल करायची, हे तिचा ताण आणि तिच्या आतल्या गाभ्याची जाडी यांवर ठरते. वरचे वेढे वजन देतात, ताठरपणा फारसा नाही. म्हणून चारही तारा सारख्याच सरकवल्या की प्रत्येक वेगळी उतरते आणि जोडस्वर बेसूर होतो. स्टाइनबर्गर यांच्याच ट्रान्सट्रेमने 1980 च्या दशकात गिटारवर प्रत्येक तारेला तिच्या मापाची हालचाल देऊन हा प्रश्न सोडवला होता. तरीही आज एकच सपाट पट्टी आमच्यापुढे ठेवली जाते.

हेडलेस बासवर खुंट्यांपर्यंत नटवरून घासत जाणारी तार नाही, हा केवढा फायदा! मग प्रत्येक तारेची खुंटी स्वतंत्र तरफेवर का नसावी? टेकूपासूनचे अंतर त्या तारेप्रमाणे, दांडा मात्र सगळ्यांना एकच. तारांचा संच बदलला की अंतरे पुन्हा जुळवावी लागतील. ती कटकट आम्ही आनंदाने सोसू.