ताट बदला, पण गोळी सोडू नका

जानेवारी २०२५ मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात मानसिक स्वास्थ्याची दखल घेतली गेली. पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ क्वचित खाणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य ते नियमित खाणाऱ्यांपेक्षा चांगले आढळते, असे त्यात म्हटले होते. निरीक्षण महत्त्वाचे आहे. पण त्यावरून 'खाणे सुधारले की नैराश्य जाते' असा अर्थ काढणे धोक्याचे ठरेल. कारण नैराश्य आलेल्या माणसाला स्वयंपाक करण्याचीही उमेद राहत नाही, मग तो बिस्किटे आणि नूडल्सवर दिवस काढतो. आधी काय बिघडले, आहार की मन, हे अशा पाहणीतून कळत नाही.

पोट आणि मेंदू यांचा संबंध मात्र खरा आहे. व्हेगस नावाची नस दोघांना जोडते. मोठ्या आतड्यातील जिवाणू अन्नातील चोथ्यापासून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. ती आतड्याचे अस्तर निरोगी ठेवतात आणि शरीरातील दाह आटोक्यात ठेवायला मदत करतात. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते, हेही खरे. परंतु ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू स्वतःचे सेरोटोनिन स्वतः बनवतो. 'आनंदाचे रसायन पोटात' असे सांगून कॅप्सूल विकणारे नेमके हेच सांगत नाहीत.

मग आहाराने फरक पडतो का? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत मध्यम ते तीव्र नैराश्याचे ६७ रुग्ण होते. एका गटाला १२ आठवडे आहारतज्ज्ञांनी भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये आणि मासे यांकडे वळवले. दुसऱ्याला फक्त गप्पागोष्टींची सोबत मिळाली. पहिल्या गटातील सुमारे ३२ टक्के, तर दुसऱ्यातील ८ टक्के रुग्ण आजाराच्या लक्षणांतून बाहेर आले. मात्र यातील बहुतेकांचे नैराश्यावरचे उपचार आधीपासून सुरू होते. शिवाय आपण काय खातो हे रुग्णाला ठाऊक असतेच, त्यामुळे अपेक्षेचाही परिणाम होतो.

युरोपातील चार देशांत हजाराहून अधिक वजनदार व्यक्तींवर झालेल्या, २०१९ मधील चाचणीचा निष्कर्ष वेगळा होता. वर्षभर जीवनसत्त्वे व ओमेगा-३च्या पूरक गोळ्या देऊन किंवा खाण्याच्या सवयींबाबत समुपदेशन करून नैराश्य टाळता आले नाही. म्हणजे आहार हा उपचाराचा जोडीदार आहे, पर्याय नव्हे.

आपल्याकडे हा फरक अधिक महत्त्वाचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आजाराच्या प्रकाराप्रमाणे ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. त्यात 'पोट सांभाळा, मन आपोआप बरे होईल' या सल्ल्यात आणखी काही महिने गेले, तर आजार बळावतो.

जोडीदार म्हणून आहार महागडा असण्याची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाच्या कडधान्यांची उसळ, पालेभाजी, जवसाची चटणी, ताक किंवा घरचे दही, परवडत असल्यास मासे किंवा अंडी. चोथा हळूहळू वाढवावा, नाहीतर पोट फुगते. शाकाहारी व्यक्तींनी थकवा आणि उदासी असल्यास बी-१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. यांच्या कमतरतेत किंवा बिघाडात नैराश्यासारखीच लक्षणे दिसतात.

उदासी, झोप किंवा भूक बिघडणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवडे टिकले, तर डॉक्टरांकडे जावे. जीव द्यावासा वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नये. टेली-मानसच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. सुरू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. बरे वाटत असले, तरी त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायच्या असतात.