धावते वर्णन कुणाच्या भाषेत?

क्रीडामहोत्सवात कबड्डीचा सामना रंगात आला की आमच्या मैदानावरचा ध्वनिक्षेपक इंग्रजीत बोलू लागतो. बघणारे मात्र मराठीत नि कन्नडमध्ये ओरडत असतात. ही विसंगती मला खटकते.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात बर्फावरची हॉकी म्हणजे जीव की प्राण. ११ ऑक्टोबर १९५२ रोजी मॉन्ट्रियल कॅनेडियन्स व डेट्रॉइट रेड विंग्ज या व्यावसायिक संघांचा सामना दूरचित्रवाणीवर दिसला, तो फ्रेंच वर्णनासह. निवेदक रने लकावालिए यांनी इंग्रजी शब्दांवर भागवले नाही. खेळातली चकती, म्हणजे 'पक', त्यांच्या तोंडी 'रोंदेल' झाली. असे शब्द घरोघर रुळले. २००८ साली त्याच देशात पंजाबीतूनही हॉकीचे वर्णन सुरू झाले. दूर देशी गेलेल्यांना तो खेळ आपला वाटू लागला.

आपल्याकडेही बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत उभे केलेच की!

कुणी म्हणेल, इंग्रजी साऱ्यांना समजते, मग दोन भाषांचा खटाटोप कशाला? पण समजणे वेगळे आणि अंगावर रोमांच उभे राहणे वेगळे. शिवाय खर्च तो काय? ध्वनिक्षेपक तोच, निवेदक तेवढे दोन. पूर्वार्ध मराठीत, उत्तरार्ध कन्नडमध्ये. पुढच्या सामन्यात उलट. आरंभी शब्द अडतील, अडू देत. बोलल्याशिवाय ते रुळायचे कसे?

या अंकाला दोन विभाग शोभतात. मैदानाला का शोभू नयेत?