वाद नाही म्हणजे काय?

आमच्या नात्यातली एक मुलगी पीएच.डी. करते आहे. विषय आहे आफ्रिकेतल्या खेड्यांमधले संघर्ष आणि त्यात बाईचं स्थान. इथे केडगावात कुणाला सांगितलं की प्रश्न ठरलेला, "एवढ्या लांब कशाला? आपल्याकडे भांडणं कमी आहेत का?" प्रश्न रास्त आहे. पण खरं सांगू का, तिकडचं वाचलं की इकडचं जास्त स्पष्ट दिसतं.

रवांडाचंच घ्या. १९९४ साली एप्रिल ते जुलै, शंभरेक दिवसांत तिथे लाखो माणसं मारली गेली. मागे उरल्या विधवा आणि पोरक्या मुली. शेत नवऱ्याचं नाहीतर बापाचं, आणि रूढीने बाईला वारसा नाही. म्हणजे कत्तल थांबली तरी त्यांना सासर-माहेरच्या पुरुषांशी जमिनीसाठी झगडणं आलंच. १९९९ मध्ये मुलींना मुलांइतका वारसा देणारा कायदा झाला. पुढे २००९ पासून चारेक वर्षांत सुमारे एक कोटी जमीनतुकड्यांची नोंदणी झाली, त्यात नवरा-बायको दोघांची नावं. ज्यांचं लग्न कायद्याने नोंदलेलं नव्हतं, त्या बायका मात्र अडचणीतच राहिल्या.

आता योगायोग बघा. त्याच १९९४ च्या जूनमध्ये महाराष्ट्राने हिंदू वारसा कायदा दुरुस्त करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. फक्त आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. देशाचा कायदा आला २००५ साली, आणि त्यात ती अट नाही. त्याच्या कितीतरी आधी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं होतं. पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, शेतकऱ्याने आपणहून बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. कायद्यात आणि चळवळीत आपण मागे नाही.

मग घोडं अडतं कुठे? हक्कसोडपत्रावर.

केडगाव नगर महापालिकेत आलं, शेतांचे प्लॉट पडले, गुंठ्याला भाव आला. वारसनोंदीत बहिणींची नावं लागतात आणि पाठोपाठ त्यांना सहीला बोलावणं जातं. साडी-चोळी, जेवण, सही. "माहेर तुटायला नको" म्हणून ती काही बोलत नाही.

दोन भाऊ बांधावरून भांडले तर पोलिसात नोंद होते, कोर्टात तारखा पडतात. बहिणीच्या सहीची नोंद मात्र 'राजीखुशीने' अशी होते. आणि आपण अभिमानाने सांगतो, आमच्यात जमिनीचा वाद नाही. माझं मत स्पष्ट आहे. तो वाद मिटलेला नसतो, त्याची किंमत एकटीने भरलेली असते. संशोधकाने फक्त काठ्या-कुऱ्हाडी मोजल्या तर हे त्याला कधीच दिसणार नाही.

बहिणीने भावाला हिस्सा द्यायला माझा अजिबात विरोध नाही. तो तिचा अधिकार आहे. पण आधी सातबाऱ्यावर तिचं नाव लागू द्या, वर्षभर राहू द्या, जमिनीचा भाव तिला सांगा. त्यानंतरही द्यावंसं वाटलं, तर ते खरं देणं.

नातेवाईक मंडळींनो, राग मानू नका. येत्या भाऊबीजेला ओवाळणी घालताना एवढं विचारून तर बघा, "ताई, तुला तुझा हिस्सा हवा आहे का?"