नाक्यावरचा न्याय

दिवाळीच्या फराळाला बसून रागावू नये म्हणतात. पण वाचकहो, आज मला राहवत नाही.

आमचे उर्से गाव द्रुतगती मार्गाच्या टोलनाक्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रीय महामार्गांवर 2018 पासून एक नियम आहे : फास्टॅगात पुरेसे पैसे असूनही नाक्याचे यंत्र बिघडले, तर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. चूक यंत्राची, मग भुर्दंड गाडीवाल्याला कशाला? न्याय म्हणतात तो हाच!

माझी पुतणी सीईटीला बसली. गणिताचे 50 प्रश्न, मिनिटे 90. आणि मध्येच संगणकाचा पडदा काळा! पर्यवेक्षक म्हणाले, “शांत बैस.” पोर बसली, घड्याळ मात्र शांत बसेना. सात मिनिटे गेली, ती गेलीच.

2025 साली 27 एप्रिलच्या सत्रात गणिताच्या 21 प्रश्नांत चुका निघाल्या. चुकले पेपर काढणारे. 5 मे रोजी फेरपरीक्षेला बसली मुले!

माझे मागणे मोठे नाही. यंत्र बंद पडले, की बुडालेली मिनिटे तिथल्या तिथे मोजून परत द्या आणि तशी सहीशिक्क्याची पावती मुलाच्या हाती ठेवा. मोटारीला मिळतो तो न्याय आमच्या लेकरांना का मिळू नये?